अठरा नंबरचा हातोडा

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! बस तीन तास उशिरा, पण खिडकीतून ते जंगल दिसलं आणि सगळा शीण पळाला. चारशे-पाचशे वर्षांची झाडं, सरकारी जमिनीवर, म्हणजे तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या मालकीची. ती मोजून यादी करायची, हे माझं काम. वीस तारखेच्या आत यादी पोचली की यादीतल्या झाडांवर कुऱ्हाड कायमची बंद. धाकटी म्हणाली, ताई, तुला झाडंच बरी, उलट उत्तर तरी देत नाहीत.

खोली झकास आहे. टेबल, लोखंडी पेटी, जंगलाकडे खिडकी. मालकीणबाईंनी हौसेनं गरम पाण्याची बादली आणून दिली, पण मी मोजणीची बाई आहे हे कळल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरली. राहू दे, आठवड्यात माणसाळतील.

५ तारीख, मंगळवार

हातोडा मिळाला, नंबर अठरा. तोडायच्या झाडावर त्याचे दोन ठसे मारतात, एक छातीच्या उंचीवर, एक बुंध्याशी. वरचा ओंडक्याबरोबर जातो. खालचा खुंटावर उरतो, तोड रीतसर झाल्याचा पुरावा म्हणून. मला तो मारायचाच नाहीये म्हणा! पेटीत बंद केला, किल्ली गळ्यात.

माझ्या आधीच्या साहेबांचा नंबर सतरा होता. ते कुठे गेले असं तोडीच्या मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, रीतसर गेले. हसूच आलं. हा मुकादम मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. सगळं गाव लाकडाच्या वखारीवर जगतं, तेव्हा माझी आरती ओवाळणार नाहीच. पाववाला पाव संपले म्हणाला, समोर ढीग दिसत असताना. मीही काही लेचीपेची नाही. उभी राहिले, घेऊनच आले.

८ तारीख, शुक्रवार

जुन्या भागातली दोनशे बारा झाडं मोजून झाली. एकेका बुंध्याभोवती टेप धरून प्रदक्षिणा घालावी लागते. पण त्यातल्या वीस झाडांवर ठसे आहेत. ताजे, चीक अजून ओघळतोय. नंबर अठरा. माझा!

पेटी बंद, हातोडा आत, किल्ली गळ्यात. मुकादमाला ओढत नेऊन दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, बाई, ठसा तो ठसा. कुणी मारला हे आम्ही विचारत नाही. ठसा दिसला की तोडतो, नाही दिसला की हात लावत नाही. 

यादी धाकटीला फोनवर वाचून दाखवली, ती उद्याच दाखल करेल. एकशे ब्याण्णव वाचली. ठसा पडलेली वीस यादीत बसत नाहीत.

११ तारीख, सोमवार

जुन्या भागात आज एक मोकळी जागा सापडली. मधोमध बुटांचा जोड. नाड्या नीट बांधलेल्या. आत पाचोळा. दोन्ही टाचांवर ठसा, सतरा.

मी घाबरले. लिहायला लाज कसली, घाबरले.

मालकीणबाईंना सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, खालचा उरतोच की.

१३ तारीख, बुधवार

खुंटीवरच्या कोटाला छातीवर ठसा. अठरा. अस्तरापर्यंत उमटलेला. फोन लागत नाही. सामान भरून बसथांब्यावर गेले, थंडी होती म्हणून अंगात तोच कोट. ड्रायव्हरनं छातीकडे पाहिलं, दार लावून घेतलं. कोट काढून फेकला, मागे धावले. आतले लोक हळहळत होते. थांबवा असं कुणीच म्हणालं नाही.

१४ तारीख, गुरुवार

उजव्या घोट्यावर. कातडीवर. निळाकाळा, सुजलेला— कधी मारला? दुखलं कसं नाही? दार आतून बंद होतं.

१५ तारीख, शुक्रवार

मुकादम भेटून गेला. अदबीनं. उद्या वीस आणि एक, म्हणाला. विचारलं, उपाय? म्हणाला, आहे ना बाई, नियम आहे. हातोड्याच्या मागच्या तोंडाला फुली असते. ज्याचा हातोडा त्यानंच, खालच्या ठशावर एक घाव. फुली दिसली की आम्ही हात लावत नाही. माणसावरही चालते? चालते की.

मग आधीच्या साहेबांनी का नाही मारली? तो म्हणाला, हाड मोडायची भीती वाटली त्यांना.

मला मोडलेलं हाड चालेल. पण पाय मोडल्यावर मी झाडांपर्यंत पोचणार कशी? आधी झाडं. मग मी.

१६ तारीख, शनिवार. जंगलात.

उजाडताच आले. अकरा झाडांवर फुली मारून झाली. घोटा टेकवत नाही. ते मागून येतायत, घाई नाही त्यांना. फुली दिसली की कुऱ्हाड खाली घेतात, पुढच्या झाडाकडे वळतात.

सोळा. रांगतेय.

एकोणीस. दांडा चिरलाय— अजून एकच घाव निघेल. एकच.

विसावं झाड समोर. घोटा हाताशी. सगळे थांबलेत, शिस्तीत. मालकीणबाई पण आल्यात. पदर तोंडाला. अगं बाई, तूच सांग ना तुझ्या भावाला—

धाकटे, मी शूर नाही गं. मला जगायचंय. पण हे पाचशे वर्षं उभं आहे आणि मी सत्तेचाळीस—

मारला. झाडावर. दांडा तुटला.

मुकादमानं झाडासमोर मान लववली. मग माझ्याकडे. वहीला आडकाठी नाही, म्हणतो लिहा. छातीच्या उंचीवर दोरी— घेर मोजतायत— सरळ उभ्या राहा म्हणतो, बाई, जरा इकडे सरका, म्हणजे पडताना त्या झाडाला धक्का—