मळ्यातली उजवीकडची जागा

चि. गुरुपादप्पा यास सिद्रामप्पाचे शुभाशीर्वाद.

तुझ्या गृहप्रवेशाला नांदेडला आलो, जेवलो आणि "घर उत्तम" म्हणालो. ते मनापासून नव्हते.

तू निवृत्त झाल्यावर निलंग्याला माझ्या शेजारी राहशील, या भरवशावर मी लगतची जागा कुणाला विकू दिली नाही. तू मात्र मेहुण्याच्या, रेवणसिद्धाच्या, भिंतीला भिंत लावून घर घेतलेस. तिथे दवाखाना जवळ आहे, हे मान्य. परंतु सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन तू रेवणसिद्धाशेजारी पूजेला बसलास, ते पाहून माझा मंत्र चुकला. तळहात स्थिर ठेवायला तुला मी शिकवले होते.

परतताना तुझी वहिनी एसटीत सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी मेहुण्यापाशी राहिले, तर तुम्ही कामून जळून राहिले? सवत आली काय तुमच्यावर?" मागच्या बाकावरचेही हसले. मत्सर हा षड्रिपूंपैकी एक, हे मी जन्मभर प्रवचनांत सांगत आलो. त्या दिवशी मात्र खिडकीबाहेर पाहत बसलो.

मळ्यात आई-आप्पांच्या समाधीपाशी दोन जागा राखल्या आहेत. आपल्यात देह बसवून पुरतात, म्हणजे पूजेला बसल्यासारखेच. डावीकडची माझी, उजवीकडची तुझी. हयातीतला शेजार तू रेवणसिद्धाला दिलास, तो त्याला लखलाभ. त्याने तिकडेही शेजारी जागा देऊ केली, तर तेवढे नाही म्हण.

हे पत्र टपालात पडणार नाही. फोन केलास, तर मी पुन्हा "घर उत्तम" असेच म्हणेन.

तुझी वाट पाहणारा,
थोरला