गाळलेली बेरीज

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी भाच्याचा वाकून नमस्कार.

मी इथे बरा आहे. तुम्हीही बरे असाल असं लिहायला हात धजत नाही, कारण पेन्शनला चार महिने उरलेले असताना तुम्हाला सक्तीच्या रजेवर घरी बसवण्यात त्याच हाताचा हात आहे. मामींची पाठ आता कशी आहे? तुम्हाला झोप लागते का? (हे मी विचारू नये, कळतं. पण पत्रात प्रकृती विचारतात.) गेले सात आठवडे तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, त्यात तुमचं काही चुकलं नाही. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पहिल्या तिनांत क्षमा मागायची राहून गेली, आणि चौथ्यात ती इतकी मागितली की बाकी मजकुराला जागाच उरली नाही.

सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला ठाऊक आहे तेही लिहितो, कारण मधलं काही गाळलं की माझ्या हातून काय होतं ते पुढे येईलच. आपल्या लिफ्ट तपासणी कार्यालयात अहवालांत मागाहून खाडाखोड होते अशी बोंब झाली, तेव्हा साहेबांनी विचारलं, यावर कोणाकडे काही उपाय आहे का. मी हात वर केला. (कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेल्या माणसाने हात वर करताना जरा थांबावं, हे मला आता पटलं आहे.) माझ्याकडे एक जुनं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की संख्यांना कुलूप लावण्याची एक पद्धत असते: एक संख्या आणि एक किल्ली आत घाला, भलतीच संख्या बाहेर येते, तीच किल्ली उलटी फिरवा, पहिली संख्या परत मिळते. या कुलपापासूनच कागदाचा ठसा बनवता येतो. अहवालाची एकेक ओळ ही एकेक किल्ली समजायची, ठरावीक संख्येपासून सुरुवात करून एकामागून एक सगळ्या किल्ल्या फिरवायच्या, आणि शेवटी जी संख्या उरेल तो त्या अहवालाचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो मी रोज व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहायचो, म्हणजे मागाहून कोणी लबाडी करायला नको. पुस्तकातला ठसा चांगला लांबलचक होता. फळ्यावर मावेना, म्हणून मी आठ आकडी केला.

पण खरी चूक ती नाही. प्रत्येक किल्ली फिरवून झाली की पुस्तकात आणखी एक पायरी होती: आत घातलेली संख्या बाहेर आलेल्या संख्येत पुन्हा मिळवा. मी ती तीनदा वाचली. ती संख्या तर आधीच कुलपात जाऊन आली आहे, मग पुन्हा कशाला? मला वाटलं, छापणाऱ्याची डुलकी, ओळ दुबार पडली. दुसऱ्यांच्या कागदांतले स्वल्पविराम सुधारत बसतो म्हणून मामा, तुम्ही मला स्वल्पविराम म्हणता ते उगाच नाही. मी पेन्सिलीने ती ओळ खोडली, समासात सुवाच्य अक्षरात ‘पुनरुक्ती’ असं लिहिलं, आणि त्या दिवशी मला फार शांत वाटलं.

ठसा पहिल्यांदा फळ्यावर लागला तेव्हा तुम्ही डबा उघडता उघडता म्हणाला होतात, ‘‘अरे, हे नुसतं वर जाणारं यंत्र दिसतंय. उलटं फिरलं तर धरणारा ब्रेक कुठाय यात?’’ मी सगळ्यांदेखत हसलो. म्हणालो, मामा, तुम्ही दोर बघा, आकडे माझ्यावर सोडा. टायपिस्ट बाईही हसल्या. (त्या आता हसत नाहीत. माझ्याकडून कागद घेताना कोपऱ्याला धरून घेतात.)

मग ती सात मजली इमारत. तुम्ही लिहिलंत, दोराच्या चार तारा तुटल्या आहेत, लिफ्ट बंद ठेवावी. ठसा फळ्यावर गेला, अहवाल एक दिवस ट्रेमध्ये पडून राहिला, आणि लिफ्ट कंपनीचा तो एजंट, आपण ज्याला गुळगुळीत म्हणतो तो, त्या दिवशी तीनदा चहाला आला. पुढच्याच आठवड्यात आपले साहेब त्याच इमारतीत शिंप्याकडे गेले आणि चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडीच तास अडकले, एका हातात पँट, सोबतीला एक दंतवैद्य, जो वेळ जावा म्हणून त्यांचे दात बघत होता. बाहेर आल्यावर त्यांनी फाइल मागवली. फाइलमध्ये: दोर अतिशय समाधानकारक, लिफ्ट चालू ठेवावी. खाली तुमचं नाव.

चौकशीत तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘साहेब, समाधानकारक हा शब्द मी हिच्या स्वयंपाकालासुद्धा कधी वापरलेला नाही.’’ खरं आहे. एकतीस वर्षं तुमचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे ‘चालेल’. हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी सहा वर्षं तुमच्याच घरी जेवलो. आणि तरी मला विचारल्यावर मी उठून सांगितलं, फाइलमधल्या कागदाचा ठसा फळ्यावरच्या ठशाशी जुळतो, तेव्हा मामांनी लिहिला तो हाच कागद, दुसरा असणं शक्य नाही. शक्य नाही हे शब्द मी दोनदा उच्चारले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि चष्मा डब्यात ठेवलात.

गेल्या रविवारी मी समासातला तो ‘पुनरुक्ती’ शब्द पाहिला आणि खोडलेली ओळ पुन्हा वाचली. ती बेरीज म्हणजेच तुमचा ब्रेक, मामा. ती नसली की किल्ल्या जवळ असलेला कोणीही ठशापासून मागे चालत येऊ शकतो, आणि किल्ल्या तर अहवालातच लिहिलेल्या. गुळगुळीतने (किंवा त्याने पोसलेल्या कोणा हुशार माणसाने) खोट्या अहवालाचा पहिला भाग दहा हजार तऱ्हांनी लिहिला आणि सुरुवातीपासून पुढे चालला. शेवटचा भाग दहा हजार तऱ्हांनी लिहिला आणि तुमच्या ठशापासून मागे चालला. जोड्या झाल्या दहा कोटी, आणि आठ आकडी संख्याही तेवढ्याच. कुठेतरी पुढे चालताना आलेली एक संख्या मागे चालताना आलेल्या एका संख्येशी जुळली, आणि तुमचा ठसा असलेला खोटा कागद तयार. मी स्वतः संगणकावर करून पाहिलं. चहा निवायच्या आत झालं. बेरीज परत घातली तर मागे जाताच येत नाही: आधीची संख्या काढायला आधीचीच संख्या हातात असावी लागते.

म्हणजे तुम्ही खरं बोलत होतात. हे वाक्य मी पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. मला क्षमा करा असं लिहीत नाही. तुम्हाला जमेल तेव्हा, जमलं तर.

मामींना नमस्कार.

तुमचा,
स्वल्पविराम

ता. क. फेरचौकशी बुधवारी अकराला आहे. साहेबांनी माझा लेखी जबाब मागितला आहे. त्याचा ठसा (जुन्याच पद्धतीचा, त्यांना अजून काहीच माहीत नाही) आजच फळ्यावर लागला.

ता. क. दुसरा. मी जबाब दोन टाइप केले आहेत. एकात लिहिलं आहे की चूक माझी, दुसऱ्यात लिहिलं आहे की माझं पूर्वीचं म्हणणं कायम आहे. दोन्हींचा ठसा एकच. साहेबांसमोर दोन्ही ठेवले की सगळं आपोआप सिद्ध होईल, म्हणून केले, असं मी स्वतःला सांगतो. पण दोन्ही एकाच खिशात आहेत, आणि साहेबांनी भुवई वर केली की माझा हात कोणत्या कागदावर जाईल याची मला खात्री नाही. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. म्हणून हे पत्र हाताने लिहिलं आहे, म्हणजे अक्षर माझं नाही असं मला म्हणता येणार नाही. ते घेऊन या, आणि मी तोंड उघडायच्या आत साहेबांच्या हातात द्या. एवढं एक काम करा. मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ता. क. तिसरा. या पण जिन्याने. आपल्या कार्यालयाच्या लिफ्टचं प्रमाणपत्र मी आज काढून वाचलं. तीही अतिशय समाधानकारक आहे.