आज आईनं काय केलंय?

भोपाळ,
१२ जानेवारी २०२६

प्रिय रत्नाताईंना,
मंजूषाचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे थंडी नुसती मी म्हणतेय. जवाहर चौकातल्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात हीटर एकच, आणि तो कायम वकीलसाहेबांच्या पायाशी. तुम्हाला देवनागरी सावकाश वाचावी लागते, म्हणून अक्षर मोठं काढतेय. शाळकरी मुलीचं वाटलं तर खुशाल हसा.

दोन्ही देशांतलं टपाल बंद आहे, आणि कराचीला फोन-मेसेज करू नका असं वकीलसाहेबांनी परवा बजावलं. म्हणून हे पत्र आमच्या ऑफिसातल्या सौरभच्या हाती देते. तो काठमांडूच्या बैठकीला चाललाय. तुमच्या संस्थेतलं कुणी तिथे आलंच, तर तुम्हाला मिळेल.

काठमांडूलाच आपण पहिल्यांदा भेटलो होतो. तुमच्याकडच्या तुरुंगात एक माणूस आहे, डोक्यानं जरा हललेला, चुकून सरहद्द ओलांडलेला, आणि कुणालाच न कळणारं काहीतरी बोलतो, असं तुम्ही सांगितलंत. तुम्ही कराचीतल्या मराठी घरातल्या, म्हणून जेलरनं तुम्हाला बोलावलं, आणि ते मराठी निघालं! भोपाळात वाढलेला हा जितेंद्र हिंदी टाकून देतो आणि आईशी बोलायची भाषा तेवढी ठेवतो, याचं मला अजून नवल वाटतं. त्या भाषेवरूनच, इथल्या मराठी घरांत विचारत, आम्ही करोंद भागात त्याच्या आईपर्यंत पोचलो. शशिकलाकाकूंनी तुम्ही पाठवलेला त्याचा आवाज ऐकला आणि कितीतरी वेळ फोनवरूनच हात फिरवत बसल्या.

तेव्हापासून आपला शिरस्ताच पडला. तुम्ही भेटायला गेलात की तो एकच विचारणार, "आज आईनं काय केलंय?" मग मी आधी काकूंना विचारून तुम्हाला कळवायचं आणि तुम्ही त्याला सांगायचं. पिठलं म्हटलं की तो रुसतो हे कळल्यावर काकूंनी महिनाभर पिठलं केलं नाही. शिक्षा कधीच संपलेल्या माणसाला, तो आमचाच आहे असं इकडून लिहून येईना म्हणून सोडत नाहीत. दोन देशांतल्या दोन संस्था त्यासाठी झटल्या, आणि पोचवलं काय, तर भाजीची बातमी. हसूही येतं आणि संतापही.

मागच्या वेळी मी मटारची उसळ कळवली होती. त्याआधी भरली वांगी. वांगी ऐकून तो टाळ्या वाजवत होता, असं तुम्ही लिहिलंत.

ताई, ती वांगी माझ्या घरची होती. उसळही.

काकू दिवाळीनंतर गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि घरी आणता आलं नाही. "त्याला कळवू नकोस, जेवणार नाही तो," एवढं मात्र मला बजावून गेल्या. तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. पण मग त्याच्यासमोर बसून खोटं तुम्हाला बोलावं लागलं असतं.

आणि आता नशीब बघा. तो इथलाच आहे ना, या ज्या पोलीस चौकशीसाठी काकूंनी इतक्या खेपा घातल्या, ती गेल्या आठवड्यात आली. इन्स्पेक्टर करोंदला गेले तर दाराला कुलूप. मी धावतपळत पोचले.

"यहाँ तो कोई रहता नहीं, मैडम. माँ के दस्तखत चाहिए थे."

"माँ गुज़र गईं, सर. पर उनका बयान है हमारे पास, वीडियो भी है."

"वो नहीं चलेगा. खून का रिश्ता चाहिए. कोई भाई-बहन?"

"अकेला है."

"तो आप कौन लगती हैं उनकी?"

मी संस्थेचं कार्ड पुढे केलं. माणूस भला होता हो, चिडायलाही जागा ठेवली नाही त्यानं. 'नातेवाईक आढळले नाहीत' असं लिहून गेला. वकीलसाहेब पुन्हा अर्ज करताहेत, पण त्यांचा चेहरा मला वाचता येतो. ताई, पुढे काय करायचं, मला खरंच सुचत नाही.

परवा संक्रांत. पत्र पोचेपर्यंत ती होऊन गेलेली असेल, आणि जितेंद्र विचारेलच. खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून ठरवा. मला ते इथून दिसत नाही. काकू करायच्या तशा गुळाच्या पोळ्या, वर भरपूर तूप घालून, मी परवा करणार आहे. निदान पोळ्या तरी खोट्या नसतील.

तुमची,
आणि इन्स्पेक्टरला सांगता आलं नाही, पण जितेंद्रची बहीणच,
मंजूषा