सात किलोत हिमनदी

९ जानेवारी
मुक्ताने तिकीट पाठवलं. २ फेब्रुवारी, नागपूर-मुंबई-सिंगापूर-क्राइस्टचर्च. तीन आठवडे. तिकिटावरचं नाव तीनदा वाचलं, माझंच आहे. पन्नाशीत पहिलं विमान, तेही थेट पृथ्वीच्या पायथ्याशी. लेक तिथे नर्स झाली म्हणून, नाहीतर आमची धाव इटारसीपर्यंत.
हे म्हणाले, "जाय बिनधास्त. स्टुडिओ मी पायतो." यांनी काढलेल्या पासपोर्ट फोटोत चांगली माणसंही फरार दिसतात.

११ जाने.
पांढुर्ण्याहून रामाकोन्याला, आईबाबांना सांगायला. न्यूझीलंड म्हटल्याबरोबर बाबा खाटेवर उठून बसले. "तिथं हिमनद्या हायेत, वंदे."
चौतीस वर्षं सौंसरला भूगोल शिकवला त्यांनी. वर्गात हिंदीतून 'हिमनद', घरी आले की मराठीतून 'हिमनदी'. मी वर्गातही होते आणि घरीही, त्यामुळे मला एकाच बर्फाचे दोन जीव वाटायचे. फळ्यावर उजव्या कोपऱ्यातून खडू आडवा धरून ओढत आणायचे, आणि दोन्ही काठांना ठिपके. "हे पार्श्व हिमोढ. नदीनं घासून आणलेले दगड." प्रत्यक्षात बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा.
"एक फोटो आणजो. मोठ्ठा कर. हिमोढ दिसला पायजे."
मोठा कर म्हणाले ते का, ते दोघांनाही माहीत. डोळ्याचा पडदा खराब झालाय. नजरेतलं मधलं गेलं, काठाचं उरलंय. माझा चेहरा पाहायचा तर माझ्या कानाकडे बघतात. नागपूरचे डॉक्टर म्हणतात काठ किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पुढची तपासणी १८ मार्चला.
म्हणजे हा फोटो आता आणायचा. नंतर आणून उपयोग नाही.

१७ जाने.
विमानात सोबत फक्त सात किलो नेता येतात. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅग ठेवली: ९ किलो ४००. दुकानदार म्हणाला, "ताई, साखर नेऊन राहिल्या का लोखंड?"
सामानाच्या मोठ्या बॅगेत कॅमेरा टाकायचा नाही, हे पक्कं. आपटाआपटी झाली तर संपलं. सत्तावीस वर्षं फोटो काढतेय, प्रत्येक कॅमेरा तळहाताच्या फोडासारखा जपलाय. मग काय ठेवायचं, काय न्यायचं? लग्नांचा मोठा कॅमेरा ओळखीचा, अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. पण जड. लहान कॅमेरा नवा, हलका, अजून माझा झालेला नाही. रुंद लेन्स हवीच, डोंगर मावायला. लांब लेन्स एकटी दीड किलो.
रात्री जेवताना ठरलं. लहान कॅमेरा, रुंद लेन्स, लांब लेन्स. मोठा यांच्याजवळ. ट्रायपॉड सामानात.
लांब लेन्स सोडली असती तर जमलं असतं निवांत. पण हिमनदी लांबच असेल ना. जवळ कोण जाऊ देतं.

२१ जाने.
मु.चा फोन. "आई, माती नको आणू हं. बुटाला, ट्रायपॉडला, कशालाच. इथे मातीचा कणही चालत नाही, त्यातून रोग येतात म्हणतात."
ट्रायपॉड म्हणजे आमचा सगळ्या शेतांत उभा राहिलेला. लग्नाआधीचे फोटो काढायला पोरं कपाशीत नाहीतर संत्र्याच्या बगिच्यात जातात. तिन्ही पाय उघडून दात घासायच्या ब्रशने घासले. काळी माती निघता निघेना. बादलीभर पाणी काळं. शेवटी पांढऱ्या रुमालाने पुसून रुमाल पाहिला. स्वच्छ. एखाद्या नवरीचेही पाय इतके धुतले नसतील.

२८ जाने.
रा.कोना. आईने लांब लेन्ससाठी जुन्या लुगड्याची थैली शिवली. आत घरचा कापूस दाबून भरलाय, यंदाच्या वेचणीचा. लेन्स आत जाते ती आवाजच न करता.
"कापसातलं कायी फुटत नाई," आई म्हणाली. "तू झाली तवा तुले बी कापसातच ठेवलं होतं, आठव्या महिन्यातली."
थैली छान झाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, उगाच.

३१ जाने.
कॅमेऱ्याचे, लेन्सचे नंबर कागदावर उतरवले. बिलांच्या झेरॉक्स दोन, एक बॅगेत, एक अंगावर. बॅटऱ्या सोबतच्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी. कार्ड चार, रोज रात्री मु.च्या लॅपटॉपवर उतरवायचं, कार्ड पुसायचं नाही. बॅग ७ किलो २००. दोनशे ग्रॅम जॅकेटच्या खिशात.

३ फेब्रुवारी
मुंबई विमानतळ. कस्टमच्या माणसाने नंबर ताडून पाहिले आणि कागद दिला, की हे सामान इथूनच गेलंय. परत येताना दाखवायचा. जपून ठेवला.
मग विमान उठलं. खाली समुद्र. समुद्र म्हणजे किती, याचा काही हिशेबच नाही. मी खिडकीला कपाळ लावून बसले. शेजारची बाई झोपली होती, झोपूच कशी शकते? ढग वरून पाहिले. ढगांना पाठ असते, हे मला माहीतच नव्हतं.

४ फेब.
उतरायच्या आधी फॉर्म. माती? नाही. खाण्याचे पदार्थ? नाही (आईचे लाडू मु.ने आधीच रद्द करवले होते). वनस्पती, बिया? नाही. छातीठोक खुणा केल्या.
रांगेत उभी होते. समोर मोठी पाटी, त्यावर बियांचं चित्र. पाहता पाहता आठवलं. कापूस. सरकी! कापसाला आपल्याकडे वनस्पती कोण म्हणतं? कापूस म्हणजे कापूस. ट्रायपॉड धूत बसले आणि अख्खं वावर थैलीत घालून आणलं.
हात वर केला. शाळेत करायचो तसा. अधिकारी आला, उंच, शांत. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चूक झाली, कॅमेऱ्यात बिया आहेत. त्याने थैली उसवली, हातमोजे घालून, चिमट्याने. कापूस काढत गेला. एक सरकी, दुसरी, सातवी. मला वाटलं आता लेन्सही जाते. बाबांची हिमनदी इथेच बुडाली.
तो मात्र सरकीवरचा कापूस ओढून पाहत राहिला. सरकीला तो घट्ट धरून असतो, सुटत नाही. मग आपल्या शर्टाला हात लावून विचारलं, हेच? म्हटलं, हेच. त्याने आतल्या बाईला बोलावलं. दोघं चिमट्यात धरलेली सरकी उजेडात फिरवून पाहत होते, जत्रेत आल्यासारखे. जन्मात पहिल्यांदा पाहिली म्हणे. कापूस, थैली, सगळं ठेवून घेतलं. ताकीद दिली, नीट दिली. आणि लेन्स स्वतः पुसून फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून हातात ठेवली.
सात सरक्यांना एवढा जपणारा देश. मला राग यायला हवा होता. आला नाही.
बाहेर मु. उभी. "आई, एवढा वेळ?"

८ फेब.
मु.ला चार दिवस सुट्टी. तिच्या गाडीने निघालो. डोंगर लागले आणि मग तळं. असा रंग पाण्याला असतो? आधी वाटलं माझ्या चष्म्यात काही आहे. गाडी थांबवून उतरलो. पांढऱ्या धोतरांना घातलेली नीळ बादलीत उरते ना, तसं, पण दूध घातलेलं. आणि ते मैलोनमैल.
बाबांना फोन लावला.
"पान्याचा रंग कसा हाय?"
सांगितलं.
"बरोब्बर! हिमनदी खडक दयते, जात्यावानी. त्याचं पीठ पान्यात उतरते. म्या सांगतलं होतं सातवीत. तू ध्यान नाई देल्लं."
खरंच नव्हतं दिलं. आज दिलं. पाण्यात हात घातला, बोटं बधिर झाली. दगडाचं पीठ. फोटो किती काढले, पण रंग कॅमेऱ्यात येत नाही. काहीतरी दुसरंच येतं.

९ फेब.
पायऱ्या चढून वर. मु. पुढे, मी मागे, बॅग पोटाशी. वरती पोचले आणि मनात आलं, फसलो. कुठाय हिमनदी? खाली राखाडी पाणी, तळ्याच्या पार त्या टोकाला मळकट गिट्टीचा ढीग. खोदलेल्या रस्त्यासारखं.
"तीच आहे ती, आई. दगडांखाली बर्फ आहे." दोन्ही बाजूंना राखाडी भिंती, उंचच्या उंच, उघड्याबोडक्या. मु. म्हणाली, एकेकाळी बर्फ तिथपर्यंत होता. आता खाली गेलाय.
मग समजलं. भिंती म्हणजेच पार्श्व हिमोढ. बाबांचे ठिपके. एकेक ठिपका घराएवढा.
वाऱ्याकडे पाठ करून लेन्स बदलली. लांब लेन्समधून पाहिलं आणि ढिगाला भेगा दिसल्या. भेगांच्या आत निळा. आतून दिवा लावल्यासारखा निळा. मु. विचारत होती, झालं का, झालं का.
तेवढ्यात तळ्यातला एक बर्फाचा तुकडा, तुकडा कसला, आमच्या गावच्या जिनिंग कारखान्याएवढा, हलला. हळूच कलला आणि पालथा झाला. खालची बाजू वर आली, काचेसारखी. आवाज मागून आला, उशिरा. आधी छातीत, मग कानात.
बटण दाबायचं राहूनच गेलं. सत्तावीस वर्षांत एका नवरीचा हार चुकला नाही माझा. आज हात वरच आले नाहीत. हात जोडलेले होते, मु. म्हणते. मला आठवत नाही.
नंतर काढले. पुष्कळ.

१० फेब.
लॅपटॉपवर पाहिले. हिमनदी डावीकडून येते, मोठी, शांत, दोन्ही हिमोढ स्पष्ट. आणि प्रत्येक फोटोत वर डावीकडे, आभाळात, एक वाकडा काळसर धागा. लांब लेन्सच्या सगळ्या फोटोंत. आईचा कापूस. लेन्सच्या बुडाशी कुठे चिकटला असेल, बदलताना कॅमेऱ्याच्या आत गेला. तिथल्या अधिकाऱ्याचा चिमटा चुकवून एक तंतू हिमनदीपर्यंत आला.
रडूच आलं. मु. म्हणाली, "आई, लॅपटॉपवर दोन मिनिटांत पुसशील तू." हो, पुसेन. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने आतला तंतू काढला आणि कागदात बांधून ठेवला. या देशात टाकायचा नाही तो.

२५ फेब.
घरी. मुंबईला कागद दाखवला, बाहेर. सामान शाबूत. स्टुडिओच्या काचेत यांनी काढलेले सहा फरार लावलेले.

२ मार्च
नागपूरहून मोठा प्रिंट आला, अडीच फूट. उलगडला आणि डोक्याला हात लावला. धागा तसाच. पुसलेली फाईल राहिली, न पुसलेली पाठवली. चूक माझीच. हे म्हणाले, "दुसरा मागव." पण दुसऱ्याला आठवडा लागेल. अठराची तपासणी जवळ येते आहे, तोवर काठ टिकेल का कोण जाणे.
बाबांना कुठे धागा दिसणार. नेते.

३ मार्च
रामाकोना. प्रिंट खिडकीशी, भिंतीला टेकवून उभा केला. बाबा खुर्चीवर. मग उठले, बोट उजव्या कोपऱ्यावर ठेवलं, खाली ओढत आणलं. "हे आली हिमनदी. अन् हा पार्श्व हिमोढ. वाह वा, पोरी."
हिमनदी डावीकडे आहे. बोट नुसत्या डोंगरावरून फिरत होतं. फळ्यावरची रेघ ती, हाताला पाठ झालेली.
"हो बाबा," मी म्हटलं. उंबरठ्याशी जाऊन उभी राहिले. सात किलो वाहून नेले ते यासाठी का.
मागून बाबा: "वंदे, हे कायचं हाय?"
वळून पाहिलं. ते फोटोकडे पाहत नव्हते, खिडकीच्या गजाकडे पाहत होते, मान वाकडी करून. बोट मात्र वर डाव्या कोपऱ्यात, नेमकं. "हे, आभायात. धाग्यावानी. चुकलं का काही?"
मी खालीच बसले. हसू की रडू, दोन्ही केलं. सांगितलं सगळं. सरकी, चिमटा, अधिकारी. स्वयंपाकघरातून आई: "मंग! म्या उगाच देल्ला होता का कापूस?"
मग विचारलं, विचारायचंच होतं. "बाबा, हिमनदी दिसली का?"
"थे मधात हाय ना?"
"डावीकडून मधोमध येते."
"मंग कशी दिसन." अगदी साधं बोलले. मग म्हणाले, "असं कर. काठाकाठाचं मी पायतो. मधातलं तू सांग."
म्हटलं, बाबा, पहिली गोष्ट, ती डावीकडून येते. तुमच्या फळ्यावर उजवीकडून यायची.
"थांब." डोळे मिटले. हवेत हात फिरवून, वरपासून खालपर्यंत, चांगला फळा पुसला. "हं. सांग आता."
आज सांगत सांगत तळ्यापर्यंतच पोचलो. उद्या परत रामाकोन्याला जाते आहे, पुढचं सांगायला. अठराच्या आधी बर्फापर्यंत पोचायचं आहे, त्या निळ्याला शब्द सापडला तर.