पिवळी की करडी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
निर्णय झाला. म्हणजे गाडी घ्यायची, एवढा झाला. कोणती, ते या महिन्यात. वय चोपन्न. पंचवीस वर्षं लोकांच्या दाढा कोरल्या, आता जरा स्वतःसाठी.

दोनच उरल्यात. पिवळी: दोन सीट, इंजिन पाठीमागे, गिअर हाताने टाकायचे, वजनाला हलकी, डिकीत जेमतेम हेल्मेट मावेल. करडी: टर्बो, ऑटोमॅटिक, मागे नावापुरत्या दोन सीट. अट एकच. सोमवार ते शनिवार रस्त्यावर क्लिनिकला आणि रविवारी ट्रॅकवर, दोन्हीकडे शोभली पाहिजे.

संकल्प: रोज सहाला उठणे (आज ६.४०, पहिलाच दिवस आहे). पोट दोन इंच कमी. निवड भावनेवर नाही, मार्कांवर.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, आधी आत्ताच्या गाडीच्या डाव्या आरशाचं काय ते बघा, दुसऱ्यांदा तुटलाय. म्हटलं, गेटचा खांबच चुकीच्या जागी आहे. म्हणाली, खांब अठरा वर्षं तिथेच आहे. ती शाळेत गणित शिकवते. तिच्याशी वाद घालू नये.

६ मार्च, गुरुवार
सहाला उठलो नाही. पोट उद्यापासून.

क्लिनिकमध्ये हत्यारांचा ट्रे पडला. असिस्टंट बाईंना बजावलं, ट्रे डाव्या हाताला सरकवायचा असेल तर तोंडाने सांगत चला. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं डॉक्टर. असेल. पण त्याच पेशंटच्या दाढेतला केसाएवढा तडा कोणी पकडला? मीच. ट्रॅकवर अशीच नजर लागते.

८ मार्च, शनिवार
करडीची टेस्ट ड्राइव्ह. ताकद भरपूर, सीट सोफ्यासारखी. पण सेन्सर भित्रा. डावीकडे काहीही नसताना सारखा पीं पीं. तीन वेळा थांबून सेल्समनला विचारलं, हे बंद होतं का? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, सर, बंद नका करू.

पुढे त्याने एकदम सायकल, सायकल म्हणून आरडाओरडा केला. कसली सायकल? रस्ता मोकळा होता. नंतर आरशात दिसला एक सायकलवाला, कडेला पाय टेकून उभा, दोन्ही हात वर. लोक कुठेही उभे राहतात.

करडी: पन्नासपैकी चौतीस. सेन्सरचे सहा कापले.

११ मार्च, मंगळवार
पिवळी! सेन्सर नाही, कटकट नाही. गिअर टाकला की मनगटाला कळतं. वळणावर शरीराचाच भाग वाटते. बाहेर पडताना मात्र कमरेत उसण भरली. पोटाचं मनावर घ्यायला हवं.

सेल्समन तोच. अर्ध्या वाटेत म्हणाला, परत जाताना मी चालवतो, शोरूमचा नियम आहे. करडीच्या वेळी नव्हता हा नियम. तो घामाने भिजला होता. एसी चालू होता.

पिवळी: एकोणचाळीस.

१३ मार्च, गुरुवार
मेहुणा जेवायला आला. डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्यामुळे जेवतानासुद्धा डोळ्यांकडेच बघतो. मी त्याला दोन्ही गाड्यांचे मार्क समजावून सांगत होतो आणि त्याला पाणी ओतत होतो. पाणी टेबलावर गेलं. ग्लास कोणीतरी हलवला होता. बायकोने फडकं आणलं.

मग मेहुणा म्हणाला, दाजी, तुमच्या वडिलांना काचबिंदू होता ना? म्हटलं होता, वडिलांना सगळंच होतं. त्याने विचारलं, तुम्ही शेवटचं कधी तपासलंत? मी उठून औषधाची बाटली आणली आणि सगळ्यात बारीक अक्षर खणखणीत वाचून दाखवलं. म्हणाला, तो प्रश्न नाही दाजी. सोमवारी या.

पुढच्या महिन्यात बघू. एका वेळी एकच काम.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी
ट्रॅक. इथे रेसिंग शिकवणारी शाळा आहे, त्यांच्याकडे पिवळीच आहे, म्हणजे खरी परीक्षा.

प्रशिक्षक एक बाई आहेत, पूर्वी स्वतः गाड्यांच्या शर्यतीत उतरायच्या. आवाज हळू, पण ऐकावंच लागतं. सकाळी शेजारी बसल्या होत्या. कडेने लावलेले प्लॅस्टिकचे अकरा कोन उडाले. सगळे डावीकडचे. त्यांनी दोनदा विचारलं, कोन दिसतायत ना? मी म्हटलं, दिसतायत, जरा जास्तच आत लावलेत. त्या उतरून बघून आल्या. म्हणाल्या, जागेवर आहेत. दुपारी एकट्याला सोडायला तयार नव्हत्या. मी आग्रह धरला. दोनच फेऱ्या, सावकाश, या बोलीवर सोडलं.

दुसरी फेरी. चौथं वळण. सुरेख घेतलं. कुठेतरी खट्ट असा बारीक आवाज झाला. मग रेडिओवर बाईंचा आवाज, ताबडतोब आत या. आरशात मागे एक बंद पडलेली गाडी दिसली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलेला माणूस.

बाईंनी किल्ली काढून घेतली.  विचारलं, धोक्याचा झेंडा दिसला नाही? म्हटलं, दाखवलाच नाही कोणी. तुम्ही कुठे बघत होता? समोर, म्हटलं. ते खरंच आहे.

माणूस ठीक आहे. भिंतीला टेकून कागदी कपातून पाणी पीत होता. मला एवढंच म्हणाला, तुमचा आरसा माझ्या शर्टाला लागला. चिडला असता तर बरं झालं असतं. चूक ट्रॅकवाल्यांची. तक्रार करणार आहे.

पिवळी: एक्केचाळीस.

१७ मार्च, सोमवार
तक्रार लिहिली नाही. क्लिनिकमध्ये गर्दी.

बायकोला काही सांगितलं नव्हतं. पण फॉर्मवर तातडीचा नंबर तिचा होता. ट्रॅकवरच्या बाईंनी फोन केला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. मला खुर्चीत बसवलं, म्हणाली माझ्या नाकाकडे बघा, चमचा बाजूने आणते, दिसला की सांगा. मी बघत बसलो. बराच वेळ झाला. मी म्हटलं, अगं, सुरू कर की. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चमचा माझ्या गालापाशी होता.

चमचा फार लहान आहे, म्हटलं. तिने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

२० मार्च, गुरुवार. दुपारी
मेहुण्याचा दवाखाना. एका पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं, आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मशीन बिघडलं होतं. सुरुवातीला दोनचार दिवे लागले, मग काही नाही. पण टिक टिक चालूच. मी शांत बसून राहिलो. तिथल्या मुलीला म्हटलं, दुरुस्त करून घ्या. ती म्हणाली, सर, दुसऱ्या डोळ्याने करू. तिथेही तसंच. मग ती मेहुण्याला बोलवायला गेली.

मशीन ठीक आहे.

त्याने छापील कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याचं मधलं सोडून सगळं काळं. उजव्याची नाकाकडची बाजू काळी. म्हणजे डावीकडचं काहीच नाही. मी म्हटलं, पण मला अंधार दिसत नाही कुठे. तो म्हणाला, दाजी, अंधार दिसला असता तर तुम्ही कधीच आला असता. जे दिसत नाही तिथे मेंदू काहीतरी भरून टाकतो. रस्ता मोकळाच वाटतो.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब, रोज, न चुकता. दाढा कोरता येतील, ट्रे उजवीकडे ठेवायचा. गाडी चालवायची नाही. म्हटलं, ट्रॅकवर तर समोरून कोणी येत नाही. त्याने थेंबांची चिठ्ठी बायकोच्या हातात दिली.

२१ मार्च, शुक्रवार
कागदावरचा काळा भाग पुन्हा बघितला. तो माणूस याच भागात उभा होता. आणि त्याच्याआधी तो सायकलवाला. आणखी किती, माहीत नाही.

प्रशिक्षक बाईंना फोन लावला. सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, झेंडा मीच दाखवत होते डॉक्टर, दोन्ही हातांनी. तुम्ही माझ्याजवळून गेलात आणि मान हलवलीत. मला वाटलं, कळलं तुम्हाला.

मी गिअरच्या आवाजावर खूश होऊन मान हलवली होती. तसं त्यांना सांगितलं नाही. माफी मागितली. त्या माणसाचा नंबर मागितला. त्याचं नाव मला माहीतच नव्हतं.

२९ मार्च, शनिवार
शोरूममधून सारखे फोन, सर काय ठरलं? बायको म्हणाली, जाऊन सांगून येऊ. तीच चालवत घेऊन गेली.

दोन्ही शेजारी शेजारी पुसून उभ्या होत्या. सेल्समनला सांगितलं, नाही घेत. डोळ्यांमुळे. गाडी न विकता सुटका झाल्यासारखा चेहरा मी प्रथमच पाहिला. म्हणाला, सर, बसा तरी एकदा. पिवळीत बसलो. इंजिन बंद. स्टिअरिंग धरलं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. वळण घेतलं. कोणाला काही झालं नाही.

मग वाटलं, बायको कंटाळून बाहेर गेली असेल. हाक मारली. पुन्हा मारली, जरा मोठ्याने.

म्हणाली, इथेच आहे, मघापासून.

मान पूर्ण वळवली. शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसली होती.