आंदणातला लॅपटॉप

मोहाडी,
रविवार दुपार

प्रिय अंकुर,

पाकीट पाहून घाबरू नको. कोणी आजारी नाही आणि लग्नाची तारीखही बदललेली नाही. फोन असताना कागद काहून, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बघू नं' म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो. मेसेज लिहायला घेतला तर मी चार ओळी लिहिते आणि पाच खोडते. सकाळपासून हे तिसरं पान आहे, आधीची दोन फाडली. मधेच उठून दोरीवरचे कपडे काढून आणले, तर ते ओलेच होते, परत नेऊन टाकले. आई म्हणाली, पायाले भिंगरी लागली का वं तुह्या? समोरच्या खोलीत बाबांचा हातमाग चालू आहे, त्याचा खटखट आवाज एरवी मला ऐकूही येत नाही, आज डोक्यात बसतो आहे. पत्रात जमेल तेवढी पुस्तकातली भाषा लिहिते. मधेच घरची निघाली तर समज की मी चिडली आहे.

कुठून सुरू करू? आंदणाच्या यादीपासून करते. तुमच्याकडून होकार आला त्याच आठवड्यात बाबा वही घेऊन बसले. पाण्याचा पितळी गुंड, गंज, कोपर अशी भांडी, पाच साड्या, आणि सर्वांत वर लोखंडी कपाट. मी म्हटलं, कपाट नको, त्याच्या जागी लॅपटॉप द्या. बाबा हसले. कपाटात कपडे ठेवता येते बेटा, त्याच्यात काय ठेवशीन? मी म्हटलं, काम ठेवीन. चार वर्षं झाली, तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात मी लोकांचे फॉर्म भरते. धानाची नोंदणी, उत्पन्नाचा दाखला, पोरींची शिष्यवृत्ती. सगळं मालकाच्या कॉम्प्युटरवर. ते मशीन बंद पडलं की मीही बंद. बाबांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि कपाटावर रेघ मारली. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच वर्षी माझा जन्म, म्हणून ते मला नेहमी चिडवतात की तू वाटणी घेऊनच आली. त्या दिवशीही म्हणाले, घे, तुही वाटणी.

आणि तू. पाहायला आला होतास तेव्हा मोठ्यांनी आपल्याला मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. मला वाटलं, स्वयंपाक येतो का ते विचारशील. तू विचारलंस, केंद्रात रांग लागते तेव्हा सर्व्हर बंद पडला तर लोकांना काय सांगतेस? मग म्हणालास, लग्नानंतर काम सोडू नको, आमच्या अड्याळला असं केंद्र कुणी नीट चालवत नाही. खरं सांगू? त्या वाक्यावर मी हो म्हटलं. तुझी नोकरी, तुमची शेती, हे सारं आमच्या घरच्यांनी पाहिलं. मी ते वाक्य पाहिलं.

त्यानंतर दीड महिना आपण फोनवर दुसरं काही बोललोच नाही. आठ जीबी रॅम पुरेल का सोळा लागेल, वेगळं ग्राफिक कार्ड हवं का. तू मला व्हिडिओ पाठवायचास, मी त्यातल्या चुका काढायची. एकदा तू विचारलंस, फॉर्म भरायला ग्राफिक कार्ड कायले पाहिजे? मी म्हटलं, मशीन टिकते. खोटं होतं ते, अंकुर. आज सांगून टाकते. मी गेम खेळते. केंद्राला सुट्टी असली की मालकाच्या परवानगीने दुपारचा एखादा तास. मालवाहू ट्रक चालवायचा गेम आहे. दुसऱ्या कुठल्या देशातले लांबच लांब रस्ते, मागे वीस टन लाकूड, आणि कुठं चालली, कोणासोबत चालली, कधी येशीन, हे विचारणारं कोणी नाही. केंद्राच्या जुन्या मशीनवर तो रस्ता अडकत अडकत चालतो, घाटात तर ट्रक जागेवरच थिजतो. मला एकदा तो न अडकता चालवून पाहायचा होता. नवरी होणारी पोरगी गेम खेळते म्हटलं तर तू काय म्हणशील, या भीतीने लपवलं. आता म्हण काय म्हणायचं ते.

आता साक्षगंधाचा दिवस. तुला आठवत असेल किंवा नसेलही. अंगठ्या झाल्या, फोटो झाले, बायका जेवायला बसल्या होत्या. तुझ्या आईंनी माझ्या मावशीला सर्वांसमोर मोठ्याने सांगितलं, आमच्या अंकुरले लॅपटॉप देऊन राहिले जी, पोराले लयच हौस आहे. बायका म्हणाल्या, बाप्पा, नशीबवान आहे जवाई! तू तिथंच उभा होतास, हातात अर्धा पेढा. मी तुझ्याकडे पाहिलं. तुला माहीत होतं तो कोणासाठी आहे, दीड महिना आपण दोघांनी मिळून तो निवडला होता. तू पेढा तोंडात टाकलास आणि हसलास. माझ्या आईने पदर सावरला. बाबांनी मान हलवली, वरपक्षाच्या बोलण्यावर मुलीचा बाप आणखी काय हलवणार! नंतर फोनवर मी विषय काढला तर तू म्हणालास, आईले कशाले दुखवायचं, घरात आल्यावर तूच वापरशील नं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्यात चूक काय ते मला तेव्हा सांगता आलं नाही, फक्त राग आला होता. अजून आहे.

दहा दिवसांनी बाबा आणि मी भंडाऱ्याला दुकानात गेलो. दुकानदाराने बाबांना खुर्ची दिली, मला उभं ठेवलं, आणि विचारलं, जवाई काय करते? बाबांनी सांगितलं, पवनीले शाळेत क्लर्क आहे. मग त्याने जवायाच्या मानाने एकेक मशीन काढलं. पहिला काळा, जाडजूड, की-बोर्डमधून लाल उजेड, खास गेमवाल्यांचा. मी विचारलं, बॅटरी किती चालते? तो बाबांना म्हणाला, चालते दोन तास. आमच्याकडे लाईन गेली की तीन तास येत नाही, फॉर्मची शेवटची तारीख थांबत नाही. तो बाजूला ठेवायला लावला. दुसरा चौदा इंची, हलका, देखणा, पण ग्राफिक साधं आणि रॅम आतच चिकटवलेली, पुढे वाढवता येत नाही. बाबांनी त्याचं झाकण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिलं, मागावरचं कोशाचं रेशमी कापड पाहतात तसं, आणि म्हणाले, पोत पातळ आहे. दुकानदार हसला, पण बाबांचं बरोबर होतं, झाकण दाबलं की पडद्यावर लाटा उठत होत्या.

तिसरा मागच्या वर्षीचं मॉडेल, नवीन आलं म्हणून किंमत उतरवलेलं. पंधरा इंची. लहानसंच का होईना पण वेगळं ग्राफिक कार्ड. आठ जीबी रॅम आणि एक खाच रिकामी, माझ्या कमाईतून पुढे भरता येईल. आकड्यांची बटणं वेगळी, फॉर्म भरणाऱ्याला त्यांचं मोल माहीत. बॅटरी साडेपाच तास म्हणाला, मी चार धरले. मी म्हटलं, याच्यावर एक गेम टाकून द्या, दहा मिनिटं चालवून पाहते. आता तो माझ्याकडे पहिल्यांदा बघत होता. मी घाट चढला, उतरला, पावसात पूल ओलांडला, आणि हात खाली घालून पाहिलं किती तापतो. ट्रक कुठंच अडकला नाही. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, गाडी कोण चालवून राहिलं? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, मंग हळू चालव नं बेटा, वळण आहे. तेवढ्यात लॅपटॉपचं ठरलं. पावती मात्र त्यांनी तुझ्या नावाने करायला सांगितली. तू पेढा खाल्लास, मी गप्प राहिली, दोघंही सारखेच.

काल मात्र ते जमलं नाही. तुला माहीत आहे, आमच्याकडे आंदणाच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घेतात. बाबा म्हणतात, नाव नसलेली वस्तू सासरी गेली की घराची होते, मग ती कोणाची होती हे कोणी सांगू शकत नाही. आईचा पितळी गुंड आमच्या पाण्याच्या जागेवर आहे, त्यावर 'बेबी' लिहिलंय. आईचं माहेरचं नाव. लग्नात तिला जानकी केलं, आणि आता बेबी फक्त त्या गुंडावर उरली आहे. आई रोज तो चिंचेने घासते. लहानपणी मी विचारायची, बेबी कोण आहे? ती म्हणायची, होती एक.

तर काल मी केंद्रातून जेवायला घरी आली, बाबा नव्हते. आई म्हणाली, भांडे घेऊन भंडाऱ्याले गेले, सुखरामजीकडे नाव टाकाले. अन तुह्यं ते मशीनही नेलं. मी म्हटलं, मशीन कायले? आई म्हणाली, जवायाचं नाव टाकतो म्हणे त्याच्यावर. अगं माय! लॅपटॉपवर कोणी नाव कोरतं का? भरल्या ताटावरून उठली. स्कूटी काढली, हेल्मेट विसरली, वरठीच्या फाटकावर मालगाडी आडवी. एकेक डबा मोजत उभी होती आणि मनात फक्त एकच, सुखरामजीचा हात किती भराभर चालतो.

पोचली तेव्हा गुंड, गंज, कोपर झालेले होते, तिन्हींवर 'रीना'. लॅपटॉप सुखरामजींच्या मांडीवर मिटलेला, खाली टॉवेल. झाकण पत्र्याचं, त्यावर कोरून झालं होतं 'चि.' आणि पुढे पेन्सिलने तुझं नाव आखलेलं. ते म्हणत होते, पितळेवर हात बसला आहे जी, हे लयच पातळ आहे, आत जाईन म्हणून भेव वाटते. मी धापा टाकत म्हटलं, थांबा काका. अंकुर नका लिहू. रीना लिहा. दुकानात तीन बायका बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. बाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता रागावतील. मी म्हटलं, बाबा, गुंडावर माझं नाव, कोपरावर माझं नाव, अन जे मी माझ्या कामासाठी मागितलं त्याच्यावरच काहून नाही? बाबांनी त्या गुंडावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, लिहा जी तिचंच. तिच्या मायच्या गुंडावरही मायचंच आहे. सुखरामजींनी पेन्सिल पुसली. 'चि.' पुसता येत नव्हतं, म्हणून आता झाकणावर 'चि. रीना' आहे. कंपनीचा माणूस पाहील तर रडेल. मशीन चालू आहे, मी तिथंच उघडून पाहिलं. आणि खरं सांगते, मला रडू आलं.

येताना बाबा स्कूटीवर मागे बसले, गुंड मांडीवर. वरठीचं फाटक ओलांडल्यावर म्हणाले, नाव तं टाकलं बेटा, पण लग्नात आंदण मांडलं का सगळे पाहुणे नावं वाचतात. तुह्या सासूबाईंनी, रुखमिणीबाईंनी, गावभर जवायाचा म्हणून सांगितलं असन. आता त्याईले सांगन कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, अंकुर सांगेल. बाबा म्हणाले, बोलला का तो? मी म्हटलं, हो. तू काही बोलला नव्हतास. मी तुझ्या वतीने बाबांना शब्द देऊन बसली, आणि कालपासून जिवाला चैन नाही ती याचीच.

म्हणून हे पत्र. पत्रिका छापून आल्या आहेत, एकही वाटलेली नाही. पहिली घेऊन बाबा बुधवारी अड्याळला येतील, हे पाकीट त्यांच्याच हाती देते. आधी आत जाऊन वाच. मग बाहेर येऊन आईंसमोर, बाबांसमोर, एवढंच म्हण, लॅपटॉप रीनाचा आहे, तिच्या केंद्रासाठी आहे. आई रुसतील, मला माहीत आहे. त्यांना मी मनवेन, ते माझं काम. पण ते वाक्य तुझंच. बाबा परत आले की पाण्याचा गिलास हातात घेऊन सगळं सांगतात, कोण काय बोललं, पोहे कसे होते, सगळं. मी दाराशी बसून ऐकणार आहे. ते वाक्य त्यात नसलं तर बाकीच्या पत्रिका घराबाहेर जाण्याआधी मी स्वतः बाबांना सांगेन की शनिवारी मी खोटं बोलली. आणि एक राहिलं. चौदा इंची हलका होता, बॅगेत नेता आला असता, तरी पंधरा इंची काहून घेतला, हे दुकानदाराने विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. चौदा इंचासमोर एकच माणूस नीट बसतो. पंधरा इंचासमोर दोघं बसू शकतात. मी दुकानात बाबांना शेजारी उभं करून पाहून घेतलं.

बुधवार संध्याकाळपर्यंत नक्की, आणि त्याच्या पुढेही राहावंसं वाटणारी,

तुझीच,
रीना