बँकॉकमध्ये मी कुठेच चुकले नाही

बाबा,

बँकॉकच्या बसमध्ये कंडक्टर बायका असतात. सगळ्याच नसतील, पण आम्हाला भेटल्या त्या तिन्ही बायकाच होत्या. तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून सगळ्यात आधी हेच लिहिते. त्यांच्या हातात पत्र्याचं लांबट नळकांडं असतं, त्यात तिकिटांच्या गुंडाळ्या आणि सुटी नाणी. ते उघडझाप करून टकटक वाजवत त्या पुढे सरकतात, तुम्ही पंच वाजवत यायचात तशा. आई खिडकीशी बसली होती. तिने माझा दंड धरला. "बघ गो, बायलमाणूस कंडक्टर! आणि तोल बघ तिचो." बस पुलावरून वळताना सगळी कलंडली, उभी माणसं एकमेकांवर गेली, पण त्या बाईने दांड्याला हात लावला नाही. तुम्ही लावायचात. मी लहान असताना तुमच्या बसमधून कितीदा आले आहे, मला चांगलं आठवतं. तुम्ही दांड्याला धरूनच तिकिटं फाडायचात.

तुम्हाला जाऊन आता सतरा वर्षं झाली. मी पंचावन्न वर्षांची आहे, आई अठ्ठ्याहत्तर. घाटकोपरची खोली सोडून ती माझ्याकडे मुलुंडला राहते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन बँकॉकला गेले. टूर कंपनीबरोबर नाही. आम्ही दोघीच. सात दिवस, आणि सातही दिवसांत आम्ही एकदासुद्धा टॅक्सी केली नाही, हे मी मुद्दाम ठरवलं होतं. घरच्यांनी विचारलं, अगं, आईचं वय बघ, एवढा हट्ट कशाला? मी म्हटलं, तिला गाड्यांत बसायला आवडतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तुम्ही होतात. परक्या शहरात, जिथली अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत अशा शहरात, बस, बोट, आगगाडी बदलत मला तुमच्या नाकावर टिच्चून फिरायचं होतं.

मी सहावीत होते. चेंबूरला आत्याकडे गेलो होतो आपण दोघं. तुमची सुट्टी होती. परत निघताना आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "आता तू एकटी ये. मी पुढे जातो. कंडक्टरची मुलगी आहेस." मला वाटलं, गंमत करताय. तेवढ्यात बस आली आणि तुम्ही धावत तिच्यात चढलात. मागे वळून पाहिलंतसुद्धा नाही. मला नंबर पाठ होता. पण स्टॉप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होते, आणि तुमची बस पकडायला मी रस्ता ओलांडून धावले होते की नव्हते, हेच मला घाबरून आठवेना. मी समोर दिसला त्या स्टॉपवर उभी राहिले. नंबर बरोबर होता, दिशा उलटी. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, मी बसून राहिले. तिथल्या कंडक्टरकाकांनी विचारलं, "कोणाची गं तू?" मी तुमचं नाव सांगितलं. ते तुम्हाला ओळखत होते. त्यांनी मला शेजारच्या टपरीवरून बिस्किटाचा पुडा आणून दिला, परतीच्या फेरीत आपल्या जवळच्या सीटवर बसवलं आणि डेपोत आणून सोडलं.

तुम्ही डेपोच्या कँटीनमध्ये होतात. चहा पीत. पाच-सहा जण होते बाकावर. मला वाटलं होतं, तुम्ही उठून जवळ घ्याल. निदान ओरडाल. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "इली बघा, आमची रिव्हर्स!" सगळे हसले. ज्यांनी मला आणलं ते काका मात्र हसले नाहीत. ते तुम्हाला काहीतरी म्हणाले, तुम्ही हात झटकलात. माझ्या फ्रॉकवर बिस्किटाचा चुरा सांडला होता, तो मी झटकत उभी राहिले.

त्या दिवसापासून मी रिव्हर्स झाले. मामाच्या लग्नात रिव्हर्स, गावी गणपतीत रिव्हर्स. माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा पोह्यांच्या बशा हातात असताना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, तिखटमीठ लावून. गोष्टीत मी रडत डेपोत आले होते. मी रडले नव्हते, बाबा. बसमध्ये नाही आणि डेपोतही नाही. ते तुम्ही घातलंत.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी बँकॉकला गेले नसते, महाबळेश्वरला गेले असते. बी.ए. झाल्यावर मला अंधेरीच्या एका प्रवास कंपनीत नोकरी लागत होती. आधी सहा महिने ऑफिसात, मग माणसांचे गट घेऊन बाहेर. आधी दक्षिण, मग नेपाळ, पुढे जमलं तर परदेश. त्यांना साध्या घरातल्या, साधं बोलणाऱ्या मुली हव्या होत्या, म्हाताऱ्या माणसांना सांभाळून नेणाऱ्या. तिथल्या बाई स्वतः आपल्या खोलीवर आल्या, तुमची समजूत घालायला. घाटकोपरचा डोंगर चढून, घामाघूम. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, सरबत मागवलंत, फार अदबीने वागलात. मग म्हणालात, "मॅडम, माझ्या चेडवाक दिशा कळत नाय. ही तुमच्या माणसांना काशीला म्हणून न्यायची आणि कन्याकुमारीला सोडायची." आणि परत तीच चेंबूरची गोष्ट. बाई आधी हसल्या, मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "तू ठरव. मी सोमवारपर्यंत थांबते." मी सोमवारी गेले नाही. तुम्ही मला कोंडलं नव्हतंत, मारलं नव्हतंत. मला खरंच वाटायला लागलं होतं की मला दिशा कळत नाही. यासाठी मी तुम्हाला सोडणार नाही.

मग मी मुलुंडच्या शाळेत क्लार्क म्हणून लागले. तीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारतेय. घरापासून शाळा सरळ एका रस्त्यावर आहे, कुठेही वळावं लागत नाही.

तर बँकॉक. विमानतळाचं नाव तिथे सुवर्णभूमी आहे, आई ते ऐकूनच खूश. तिथून आगगाडी पकडली, पाया थाईला उतरलो, दुसरी गाडी घेतली, ती रस्त्याच्या डोक्यावरून जाते. एक चूक नाही. हॉटेलच्या खोलीत बॅगा टेकल्या आणि मी मनात म्हटलं, बाबा, बघा. दुसऱ्या दिवशी गाडीने नदीपर्यंत, तिथून नारिंगी झेंड्याची बोट, मंदिराच्या धक्क्याला उतरायचं, येताना बस. बाबा, बघा. तिसऱ्या दिवशी कालव्यातली बोट. ती धड थांबतसुद्धा नाही, धक्क्याला घासते तेवढ्यात उडी मारायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दोन पोरांनी हाताला धरून आत घेतलं आणि ती माझ्यावरच ओरडली, "चल गो, काय बघतंस?" माझ्याकडे वही होती. प्रत्येक प्रवासाआधी मी त्यात लिहायचे: कुठे चढायचं, कितवं स्टेशन, कुठल्या बाजूचा जिना. उतरल्यावर बरोबरची खूण करायचे. रस्ता कोणाला विचारायचा नाही असंही ठरवलं होतं. पाचव्या दिवसापर्यंत वहीची नऊ पानं भरली आणि सगळीकडे बरोबर. ती पानं तुमच्या त्या कँटीनच्या बाकावर नेऊन आपटावीत असं वाटत होतं.

आई गाडीत काहीबाही दाखवायची. "ता बघ." मी म्हणायचे, "थांब गं, स्टेशन मोजतेय."

सहाव्या दिवशी पाया थाईलाच ते झालं. गाडी आली, गर्दी होती, आईला पुढे केलं. ती आत गेली आणि मागून मी चढणार तेवढ्यात दोघं-तिघं मध्ये घुसले आणि दार लागलं. काचेतून तिचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता, जरा नवल वाटल्यासारखा. गाडी गेली. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्या फोनला तिथे रेंज नव्हती. पर्समध्ये हॉटेलच्या नावाची चिठ्ठी आणि डोकेदुखीच्या गोळ्या. मी पुढची गाडी पकडून तिच्या मागे जावं तर ती परत आली असेल. इथेच थांबावं तर ती पुढे पुढे जात राहील. प्लॅटफॉर्मवरच्या गार्डला मी हातवारे करून सांगितलं, त्याने शिट्टी खाली केली, मला हाताने थांब म्हणाला आणि वायरलेसवर बोलू लागला. मी थांबले. जन्मात पहिल्यांदा आई एकटी गाडीत होती. तुम्ही तिला कधी बाजारापलीकडे एकटं जाऊ दिलं नाहीत. "तू बस, मी आहे ना," एवढंच तुमचं. ती बसली. चाळीस वर्षं.

तीन गाड्या गेल्या. मग समोरच्या प्लॅटफॉर्मवर उलट बाजूची गाडी आली, निघून गेली, आणि तिथे आई उभी. एकटी. निऱ्या नीट करत होती. मला बघून तिने हात केला, अंगणातून शेजारणीला करतात तसा.

मी जिना उतरून, पलीकडचा चढून तिच्याकडे धावले. तिला मिठी मारायची होती. पण तोंडातून निघालं ते हे: "तुला काही कळतं का? जरा मागे बघता येत नाही? एवढी साधी दिशा कळत नाही तुला!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी बोलतच होते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या टेशनाक उतरलंय. खाली गेलंय, पलीकडचो जिनो चढलंय. गाडी जाता तशी परत येतली ना? त्यात काय कळाचा?" आणि मग, अगदी साधेपणाने, "माका वाटला, तुझो बापूसच इलो."

ती रागावली नव्हती. तेच वाईट होतं. तिच्या दृष्टीने त्यात नवीन काही नव्हतं. एक गेला, दुसरी आली. आम्ही बाकावर बसलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "पाणी पी." मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. त्या चेंबूरच्या संध्याकाळी तुम्ही आधी घरी आला होतात. तिने विचारलं, चेडू खंय? तुम्ही म्हणालात, येतली. ती चूल तशीच ठेवून स्टॉपवर जायला निघाली, तर तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. "खंय जातलंस तू? तूपण हरवतलंस." मग तुम्ही चहा प्यायला डेपोत गेलात. "मी गेलंय असतंय," आई म्हणाली. "माका वाट ठावक होती. पण मी ऱ्हवलंय." एवढं बोलून ती येणाऱ्या गाडीकडे बघू लागली.

मी तुम्हाला माफ करायला हे लिहीत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल मनात ठेवू नये. मी ठेवणार आहे. आता तर आईच्या वाटचंही ठेवणार आहे. तुमच्या त्या बाकावरचे बरेच जण गेले; जे दोघं अजून आहेत ते गेल्या महिन्यात एका बारशाला भेटले. एक म्हणाले, "काय रिव्हर्स, कशी आहेस?" मी म्हटलं, "काका, माझं नाव रिव्हर्स नाही. आणि त्या दिवशी बाबा मुद्दाम मला सोडून गेले होते. ते सांगितलं होतं का त्यांनी तुम्हाला?" त्यांनी मान हलवली. सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मीच हात सोडून पळाले होते. मला फार बरं वाटलं. पेढा खाल्ला आणि घरी आले. या वयात, मेलेल्या माणसाची अब्रू काढून बरं वाटलं, तर वाटलं.

हे कुठे पाठवायचं नाहीच. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, आणि ते पट दोन वर्षांनी रद्दीत जातात.

एकच सांगायचं राहिलं. रोज संध्याकाळी आई सोसायटीच्या बाकावर शेजारणींना बँकॉक सांगते. मंदिरातल्या झोपलेल्या बुद्धाच्या तळपायावर शिंपल्याची नक्षी होती म्हणे. धक्क्यावर बायका माशांना पाव घालत होत्या, आणि पाणी दिसू नये इतके मासे वर आले होते. कालव्याच्या भिंतीवर हातभर लांब घोरपड ऊन खात पडली होती, आणि बोट अगदी तिच्या अंगावरून गेली तरी हलली नाही. मी शेजारी बसून ऐकते. मी त्याच बोटीत होते, तिच्या खांद्याला खांदा लावून, वहीत धक्के मोजत. घोरपडीपाशी आली की आई दर वेळी माझ्याकडे वळते आणि विचारते, "तुका दिसली ना गो?"

मी हो म्हणते.